टाकीन

(प्राणिसंग्रहालयाचं कार्यालय. खिडकीच्या आत कारकूनबाई, बाहेर रखवालदार मामा.)

बाई : नऊ वर्षं झाली, मामा! जनावराच्या नावाच्या रकान्यात नुसतं ‘टाकीन’ लिहून ठेवलंय. टाकणार कधी?

मामा : टाकलंय की!

बाई : कुठे? ‘टाकीन, टाकीन’ म्हणून झुलवताय आम्हाला.

मामा : अहो, तेच नाव! टाकिन. जनावराची जातच टाकिन.

बाई : अगं बाई! आणि मी दर वर्षी स्मरणपत्रं पाठवतेय!

मामा : मला वाटायचं, तुम्ही तिची चौकशी करता. मी उलट टपाली ‘मजेत आहे’ असं कळवायचो.

बाई : हसण्यावारी नेऊ नका. सोमवारी गाडी येतेय. ज्याची नोंद अपुरी, ते जनावर दुसऱ्या संग्रहालयात जाणार. साहेबांची सहीसुद्धा झालीय.

मामा : म्हणून तर धावत आलो. भरून टाका सगळं आत्ताच.

बाई : वर्ग? गाय-बैल की शेळी-मेंढी?

मामा : अंगानं बैल. कड्यावर चढते मात्र शेळीसारखी.

बाई : धड एक काहीतरी सांगा हो.

मामा : आधी पंडितांनी तिला बर्फाळ मुलखातल्या कस्तुरी-बैलाच्या पंगतीत बसवलं. मग रक्त तपासलं, तर निघाली मेंढीची चुलत बहीण.

बाई : अडीचशे किलोची मेंढी?

मामा : चुलत म्हटलं ना!

बाई : माझी चुलत बहीण हुबेहूब माझ्यासारखी दिसते.

मामा : तुमचं घराणं सरळ असेल, बाई. हिचं नाही.

बाई : बरं, मूळ गाव?

मामा : पूर्व हिमालय. तिथून पार चीनच्या डोंगरांपर्यंत यांची भाऊबंदकी. उन्हाळ्यात वर चढायचं, थंडीत खाली उतरायचं.

बाई : म्हणजे पक्का पत्ता नाही. ‘भाडेकरू’ लिहू?

मामा : काय वाट्टेल ते लिहा, पण गाडीत घालू नका.

बाई : शेवटचा रकाना. संग्रहालयातले नातेवाईक. हा रिकामा राहिला तर माझा इलाज नाही.

मामा : आठ मेंढ्या आहेत की!

बाई : मेंढ्यांच्या मुकादमाला विचारलं. म्हणाला, आमच्यात असली कुणी नाही.

मामा : वाटणीची वेळ असती, तर बरोबर ओळख निघाली असती!

बाई : मामा, खरंच कुणीच नाही का हो तिचं?

मामा : एवढीशी आली तेव्हा बाटलीनं दूध पाजलंय मी. मी रजेवर गेलो की चाऱ्याला तोंड लावत नाही. ती गेली, तर सकाळी उठून मी तरी कुठे जाऊ? माझं नाव टाका.

बाई : रक्ताचं नातं लागतं.

मामा : दोनदा शिंग लागलंय. पुष्कळ सांडलंय.

बाई : ...बरं. लिहिते. ‘नातं : मामा. लांबचे.’

मामा : लांबचे नको ना, बाई.