सारख्या वजनाची दोन पुडकी

नाही नाही मास्तर, पोस्टाची तिकिटं नकोत. सकाळी मी बावीस पुडकी दिली ना तुमच्याकडं — मांजरपाटात शिवलेली, संक्रांतीच्या हलव्याची — त्यातली दिघीची दोन तेवढी परत द्या. बाकीची जाऊ देत. एक हरेश्वरभाऊंचं, एक त्यांच्या धाकट्या भावाचं, सदाभाऊंचं. टपालाच्या थैलीला अजून लाख लावलेली दिसत नाही, पलीकडं नेणारा मचवाही धक्क्यालाच आहे, म्हणून धावत आले. — नलू, हात काढ, डिंक आहे तो. सगळं तोंडात घालते हो. हलवा घशात अडकेल म्हणून घरात एवढा हलवा असून हिला एक दाणा दिला नाही मी, आणि इथं डिंक. कसली आई मी, कोण जाणे.

काय म्हणालात, हरवलं का काही? हरवलं नाही, जास्त गेलंय. बसते जरा. तुम्हाला आमचे हे ठाऊक आहेत — वाड्या आणि मिठागरं मोजून देतात, नकाशे काढतात. मोजणी कचेरीतली नोकरी सोडली, मोजणीची साखळी स्वतःची घेतली आणि घरोघर स्वतंत्र कामं करायला लागले. स्वतंत्र म्हणजे कसं, तर दर संक्रांतीला बावीस घरांपुढं वाकायचं. मुंबईहून छापील कार्डं येतात — कमळ हातात धरलेली एक बाई, तिच्याखाली सोनेरी अक्षरांत 'तिळगूळ घ्या, गोड बोला' — आणि त्याखाली मी लिहायचं, 'आपला स्नेहांकित'. अक्षर माझं चांगलं ना. सहीसुद्धा मीच करते त्यांची, हुबेहूब करते. आणि हलवा तर माझाच. आठ दिवस शेगडीपुढं बसून, परातीत पाक थेंबाथेंबानं सोडत, बोटांनी फिरवत राहायचं, तेव्हा कुठं काटा फुटतो — बघा ही बोटं — आणि पाठीमागं ही रांगत शेगडीकडं येतेय की काय म्हणून दर मिनिटाला मान वळवायची. केशरी हलवा कोणाला, तर ज्यांच्या वाडीचा वाद मोठा त्यांना. पांढरा कोणाला, तर ज्यांचं मिटत आलंय त्यांना. गेल्या साली एका घरचं पूर्ण मिटलं, भाऊ-भाऊ एका पंक्तीला जेवायला बसले, तर यांनी यादीतलं नाव खोडलं. मी विचारलं, आता तर गोड बोलतात ना ते, मग आताच का नाही पाठवायचं? तर हे हसले. मीही हसले, मास्तर. हसले मी. आता आठवलं की किळस येते.

हसू नये असं कळायला मला एवढा वेळ लागला, इंग्रजी दुसरीपर्यंत शिकून. शिकलेल्याचं हे एक असतं, कळतं सगळं, पण आधी कार्ड लिहून होतं.

तर दिघीचं सांगत होते. हरेश्वरभाऊ आणि सदाभाऊ, सुपारीची एकच वाडी, मध्ये विहीर. बाप गेला, वाटणी ठरली, हे मोजायला गेले. मोजणी झाली ती अगदी सरळ झाली — विहिरीच्या मधोमध रेघ, दोन्हीकडं सुपाऱ्या सारख्या. तुम्ही म्हणाल तुला काय कळतं. मला कळतं कारण मोजणीचे तक्ते मीच उतरवून काढते, हे पेन्सिलीनं खरडतात ते शाईनं पक्कं करायचं काम माझं. सारख्या होत्या हो. आणि यांनी काय केलं, ओटीवर बसून हरेश्वरभाऊंना सांगितलं, तुमची कडेची सुपाऱ्यांची ओळ पलीकडं गेलीय, फेरमोजणी करायला हवी. आणि मागच्या पडवीत जाऊन सदाभाऊंनाही तेच सांगितलं, त्याच शब्दांत. आता दोघंही यांनाच बोलावणार, एकमेकांना कळू न देता. मी म्हटलं हे बरं नाही. तर म्हणाले, अगं, मी काय खोटी रेघ ओढली? रेघ खरी आहे, नुसतं बोललोय मी. — नुसतं बोललोय. आणि हलवा मात्र दोघांना तराजूत घालून सारखा, मास्तर. एक दाणा इकडं जास्त पडला तर बोटानं उचलून तिकडं टाकला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. समोर बसून पाहिलं.

परवा सदाभाऊंची बायको केसर या किनाऱ्याला आली होती, मुलाचं औषध न्यायला. मला धक्क्यावर धरलं. म्हणते, "बाय, तू शिकलेली हायस, खरं सांग, आमची सुपारीची वळ थोरल्या भावजींनी दाबली काय? भावजींची पोरं विहिरीवर आली का आमचे हे पोहरा काढून घेतात आता. पोरांना काय ठाव हाय त्यातलं." मी म्हटलं, मला त्यातलं काही ठाऊक नाही. असं म्हटलं मी. तिनं माझ्या नलूच्या गालाला हात लावला, आणि पुढं गेली.

म्हणून मग काल पुडकी शिवताना मी दोन्ही डब्यांत हलव्याच्या खाली एकेक कागद घातला. तक्त्याची नक्कल. दोन्हीकडच्या सुपाऱ्यांचे आकडे आणि खाली ओळ — दोन्ही वाटे समान आहेत. सही यांची. म्हणजे माझी. म्हणजे तुम्ही समजलात.

शूर वाटलं मला. सकाळी तुमच्या खिडकीवर पुडकी ठेवली तेव्हा चांगलं वाटलं, कधी नव्हे ते. आणि दुपारी हे जेवायला बसले आणि नलूकडं बघत म्हणाले, दिघीचं काम मार्गी लागलं की हिला मुंबईला नेऊ, त्या हाडांच्या डॉक्टरकडं. — हो, पायच. तुम्ही पाहिलंच असेल, मघापासून पाहताय, विचारत नाही एवढंच. सव्वा वर्षाची झाली, डावं पाऊल आत वळतं, उभी राहत नाही. लहान आहे तोवर पट्टी बांधली तर सरळ होतं म्हणतात. उशीर झाला तर नाही होत. किती उशीर म्हणजे उशीर, हे कोणी सांगत नाही, मी रोज मोजते. तर हे भात कालवता कालवता म्हणाले, आणि इतकं मायेनं म्हणाले. माणूस वाईट नाही हो. त्याचंच तर वाईट वाटतं. त्या डब्या तिकडं उघडल्या की दिघीच काय, आगरदांड्यापासून मुरुडपर्यंत यांची साखळी कोणी आपल्या वाडीला लावू देणार नाही. आणि मग मुंबई कसली. भावांचं चांगलं करायला मी निघाले, आणि पाय जाणार कोणाचा, तर हिचा.

म्हणून परत द्या म्हणते. पाठवणाऱ्याचा अर्ज लागतो? पाठवणारे हेच, नाव तेच आहे पुडक्यावर. इथंच लिहिते, द्या कागद. सही? होईल की सही. — नलूला धरता का जरा? अशी नको, डावा पाय मोकळा ठेवा, दाबला की रडते.

'वरील दोन पुडकी परत मिळावीत.' कारण? कारणही लिहावं लागतं? बरं. 'पत्ता लिहिण्यात चूक झाल्याने.' हे बघा. झालं.

वाचलंत? पटलं ना? एक अक्षर खोडायला लागलं नाही. विचारसुद्धा करावा लागला नाही मास्तर, पेन टेकवलं आणि आलं, आणि खाली यांची सही, यांच्यासारखीच शेपटी काढलेली. मला वाटायचं सही तेवढी मी उचललीय यांची. हे खोटंही उचललंय.

द्या तो कागद इकडं. नाही, द्या. तुमच्या फाइलीत नको राहायला. — असा. आता फाटला. दोन्ही पुडकी जाऊ देत.

मुंबईचं मी बघेन. कार्डं लिहिता येतात मला, अर्जही लिहिता येतात, हे आत्ताच पाहिलंत. आणता येईल कोणाच्या ओळखीनं त्या डॉक्टरच्या नावानं एखादी चिठ्ठी. नाही आली तर — नाही आली तर काय, ते मला विचारू नका.

मचवेवाला हाक मारतोय तुम्हाला. द्या नलूला. लाख तापवा, माझ्याकडं काय बघता. आमचे हे संध्याकाळी आलेच विचारायला, तर मी दुपारी आले होते असं सांगा. परत मागायला आले होते, हेही सांगा. जा ना, मास्तर, लावा शिक्का.