आलोच म्हणाले

हॅलो?

हॅलो… कोण बोलतंय? … उर्वी? थांब बाळा, थांब. यंदा मे महिन्यात आपल्या कबीरचं लग्न झालं, तेव्हा नव्या नातसुनेनं, हिमानीनं, हा फोन घेऊन दिला मला. अजून हात बसला नाही त्याच्यावर. कानाला कुठली बाजू लावायची तेच… हं. आता येतंय ऐकू. बोल.

हो, आजीच बोलतेय. … बाबा नाहीत घरात. एअरपोर्टवर गेलेत, कबीरला आणायला. … हो, येतोय तो त्यांच्या त्या प्लेनो गावाहून. हिमानीपण येतेय. … आई वर झोपलीये. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता तिच्या, आत्ता कुठे पडलीये. उठवत नाही मी तिला.

नाही, एकटी नाही. शेजारची शुभाकाकू आहे ना. पहाटेच आली, डबा घेऊन. आपल्याकडे आज गॅस पेटवायचा नाही ना, म्हणून. … का म्हणजे? … उर्वी, बाबांचा मेसेज ऐकलास ना तू? … ऐकलास. दुपारीच ऐकलास. … हो बाळा. आबा गेले.

…

काय म्हणालीस?

हसतेस का तू? … अगं, हसतेस काय?

"फायनली" म्हणजे? … कुणी सोडलं? … एअरपोर्टवर कुणी सोडलं? कुणाला? … बॅग? बॅग पलंगाखालीच आहे की त्यांची… …

उर्वी, एक मिनिट थांब. फोन ठेवू नकोस. मी आलेच.

शुभा… ए शुभा, इकडे ये जरा. अगं, पोरीला कळलंच नाही. संजीवने मेसेजमध्ये एवढंच सांगितलं, आबा गेले, फोन कर. तिला वाटतंय हे संगमनेरला गेले. रागावून परत गावाला गेले. हसतीये ती तिकडे. … नको. तू इंग्लिशमध्ये नको सांगूस. … चांगलं येतं तुला, माहितीये मला. पण माझ्या तोंडून कळू दे तिला. तू बस इथे. आणि डोळे पूस आधी, तुझ्याकडे बघून मला बोलता यायचं नाही.

हॅलो? … हो, आहे मी. … शुभाकाकूशी बोलत होते. उर्वी, तू आत्ता एकटी आहेस का? तुझी ती मैत्रीण, आश्लेषा, कुठेय? … खाली? आंघोळीला? बरं. तू बसलीयेस ना? … जमिनीवरच झोपायचं असतं होय तिथे. मग गादीवर बस. बस आणि ऐक. आबा…

हो, हो… अगं ऐक ना. …

हो, म्हणायचे ते. मला माहीत नाही का? डाळीत मीठ कमी पडलं, की जातो मी गावाला. बर्फ पडलं, की जातो. तुझे बाबा जरा मोठ्याने बोलले, की पलंगाखालची बॅग बाहेर. तुझी आई बिचारी दर वेळी घाबरायची. मी म्हणायचे, विनीता, तू पोळ्या लाट. बॅगेत नुसतं धोतर आणि स्वेटर आहे, पासपोर्ट माझ्या कपाटात आहे. … नाही गं. हसत नाहीये मी. … आवाज असाच आहे, झोप झाली नाही.

ऐक ना. … तुझं आधी? … आबांसाठी आहे? … बरं. बरं बाळा. सांग तुझं आधी.

…

हं. … क्योतो, माहितीये की. जुनी राजधानी. हे नकाशात दाखवत होते मला, तू गेलीस त्या दिवशी. आपल्या पैठणसारखं समज, म्हणाले, एके काळी राजा तिथे बसायचा. … हं. "झाड लाल झाली" नाही गं. झाडं. झाडं लाल झाली. … अस्सं? डोंगराच्या उतारावर देऊळ, आणि त्याच्या ओसरीवरून खाली सगळं लालच लाल. … रात्री दिवे लावून दाखवतात? झाडं? … आणि एवढी माणसं, तरी कुणी आवाज करत नाही. … आपली पानं तर कधीच गळाली. यांनी ढीग केला होता गराजपाशी, परवा त्यावर बर्फ पडलं. …

तिथेही झाडतात? म्हातारी माणसं? बांबूच्या झाडूनं. … हो, आवडलं असतं. … "असतं" म्हटलं का मी? … तू बोल. आबांना काय सांगायचं होतं?

घरमालकीण. … हं, ती म्हातारी, तुम्ही उतरलात त्या घराची. … तुम्ही सकाळी बाहेर पडलात की दारात येऊन बसते. … आणि काय म्हणायला लावते? परत म्हण. … इत्ते… इत्तेकिमास. … म्हणजे काय गं? … जाते, आणि येते?

म्हणजे जाऊन येते.

… हो. हो, आपलंच आहे हे. … नुसतं जाते म्हणायचं नाही, जाऊन येते म्हणायचं. … आणि ती म्हातारी काय म्हणते? … जाऊन ये. …

हो बाळा, आठवतंय. का नाही आठवणार? तू निघालीस तेव्हा गाडीत बसून म्हणालीस, आबा, मी जाते. हे केवढ्यांदा ओरडले, येते म्हण, येते. बाबांना गाडी बंद करायला लावली. तू म्हणालीस, "बट आय ॲम गोइंग, ना?" येते म्हणेपर्यंत सोडलं नाही तुला. मग टपावर दोन थापा मारल्या. एसटीतली सवय, डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलायची नाही त्यांची. …

हे सांगायचं होतं होय त्यांना. जपानमध्येपण येते म्हणतात.

… नाही, रडत नाहीये. … रडतेय. बरं, रडतेय.

उर्वी, आता माझं ऐक. मध्ये बोलू नकोस. आबा संगमनेरला गेले नाहीत. … नाही, पुण्यालाही नाही. … आत्याकडेही नाही. कुणी फसवत नाहीये तुला. … अगं, वारले ते. … वारले. … हा शब्द नाही माहीत? … देवाघरी गेले. … देवळात नाही गं बाई, देवळात नाही…

थांब. थांब जरा. मला पाणी घेऊ दे.

…

शुभा, तू गप्प बस. सांगतेय मी.

हं. उर्वी, ती म्हातारी काय म्हणायला लावते तुला? … जाऊन येते. बरोबर. का म्हणायचं असतं तसं? … कारण आपण परत येणार असतो. मग जो परत येणार नसतो बाळा, त्याला येतो म्हणता येत नाही. त्याच्यामागे आपण म्हणतो, गेले. नुसतं गेले. कुठे ते म्हणत नाही. संगमनेरला गेले असते, तर बाबा म्हणाले असते, संगमनेरला गेले. बाबा नुसतं गेले म्हणाले.

…

… उर्वी?

… हो.

… हो बाळा. … ते. … हो.

…

आहे मी. मी आहे इथे. ठेवत नाही फोन. … रड. … रड तू. घाई नाही कसली.

आश्लेषा आली का? … तिला जवळ बसव. … हात धर तिचा.

…

काल. इथला काल. अंधार पडला होता. मंगळवारी कचऱ्याची गाडी येते ना आपल्याकडे, म्हणून आदल्या संध्याकाळी डबा रस्त्याकडेला नेऊन ठेवायचा. ते काम त्यांचं. बाबांना करू द्यायचे नाहीत. एवढं तरी ठेवा मला या देशात, म्हणायचे. दारातल्या बाकड्यावर बसून बूट घातले. मी म्हटलं, मफलर घ्या. नाही घेतला. डबा ओढत नेल्याचा आवाज मी ऐकला, ड्राइव्हवेवरून, चाकं वाजतात ना त्याची. परतीच्या पावलांचा काही ऐकू आला नाही. मी भाजी टाकली फोडणीला. … समोरची बाई कुत्रं घेऊन फिरत होती, तिला दिसले. टपालपेटीला टेकून बसलेले. तिला वाटलं, दमलेत. … ॲम्ब्युलन्स आली लगेच. आई गेली सोबत, बाबा ऑफिसातून परस्पर पोचले. पण डॉक्टर म्हणाले, दारातच सगळं संपलं होतं. … नाही, त्रास नाही झाला म्हणतात. मी कुठे होते बघायला? मी भाजीपाशी होते.

… काय? … नाही.

येतो नाही म्हणाले. … काय म्हणाले ते सांगू? दार उघडलं आणि म्हणाले, आलोच.

… हो, आलोच. … एवढंच. …

नाही बाळा, राग नाही केला तुझ्यावर. कुणावरच नाही. काल डाळीत मीठ बरोबर होतं.

…

तिकडे कधी होतं ते? अगं, मला कुठे येतंय तिकडचं गणित. तूच बघ. … मंगळवार सकाळ? … काय करत होतीस? … बूट घालत होतीस. दारात. … आणि मग म्हणालीस त्या म्हातारीला.

… असू दे. … असू दे गं. चांगलंच म्हणालीस की.

कसला दोष? … दिवसभर आनंदात होतीस, त्यात कसला दोष? … कुणाकुणाला सांगितलंस? … आश्लेषाला, तुमच्याबरोबरच्या ईशानला, त्या म्हातारीलापण? काय सांगितलंस? … माझे आजोबा एकदाचे घरी गेले. … आणि ती काय म्हणाली? … चहा केला त्यावर. …

बाळा, सगळ्या घरात तेवढाच एक चहा झाला काल. राहू दे. खोटा नव्हता तो.

थांब, ऐकू येतंय तुला? … हा खडखडाट. कचऱ्याची गाडी आली. … आपल्या दारात थांबलीये. … उचलला. … ठेवला परत. … डबा पोचवला होता गं त्यांनी. नीट, कडेला, झाकण लावून.

…

हो, ये. येच तू. बाबा आले की तिकिटाचं बघतील. … थांबतात, थांबतात. इथे घाई करत नाहीत. तू आल्यावरच नेऊ. मी सांगते बाबांना, उर्वी आल्याशिवाय हलायचं नाही. आपण दोघी त्यांच्या एकाच वर्गातल्या. तळघरात पाटी घेऊन बसायचो, विसरलीस? तू पाच वर्षांची, मी पासष्टची. तुझा ळ आधी आला, माझा नंतर. तुझ्यामागे राहिले म्हणून मला चिडवायचे. … हो. ळ बाळातला. …

सामान भर. जेव काहीतरी. … भात तरी खा. आणि त्या म्हातारीला सांगून नीघ. न सांगता निघू नकोस. … काय म्हणू म्हणजे? … हे बघ, इथे आज कुणी येतो म्हणत नाही. दुःखाच्या घरातून निघताना म्हणायचं नसतं. ही शुभाकाकूसुद्धा उठेल तेव्हा गुपचूप उठून जाईल. पण तू घराकडे निघतेस. तू मला म्हण. … म्हण ना.

… हं. ये.

… आता काय? … सरळ सांगू? म्हणजे? … कळलंय ना तुला. … भरवसा वाटत नाही? कशावर? … तुझ्या मराठीवर.

…

बरोबर आहे तुझं. एका शब्दावर दिवसभर हसलीस, आता त्याच शब्दावर रडायचं. दुसरा अर्थ निघणार नाही असं सांगायला हवं मला.

शुभा, हात दे. … नाही, पाणी नको. हात दे.

लग्नात उखाणा घेतला, त्यानंतर त्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. दवाखान्यातसुद्धा तुझी आईच सांगायची. आज घेते. ऐक, आणि मग मी फोन ठेवते.

रंगनाथ बाबूराव आरोटे, माझे मालक, तुझे आबा, काल सोमवारी संध्याकाळी आपल्या दारात मेले.