आईच्या शवपेटीपाशी

तेव्हाही कुणी विश्वास ठेवला नाही हो — फरशी पुसणारी बाई, शाळा पाचवीपर्यंत, हिला बँकेतलं काय कळतं! तुम्हीही तसंच बघताय. बसा साहेब, चहा घ्या, बैठक परत सुरू व्हायला दहा मिनिटं आहेत. मघाशी आत कप भरताना सगळं ऐकलं मी. आमचे मंत्री म्हणाले, बुडालेली बँक सावरायला काढलेलं हे कर्ज, त्याला चाळीस वर्षांची मुदत द्या, हप्त्यापायी दवाखाने बंद पडताहेत. तुम्ही कर्ज देणारे म्हणालात, देऊ — पण बँक पोकळ झालीय हे लपवलं कुणी, ते आधी सांगा. तीनदा विचारलंत. आणि आमची ही डब्लिनची हुशार माणसं कागदात तोंड खुपसून बसली! अहो, लपवणारा त्याच टेबलाशी बसलाय, आमच्या बाजूला, सल्लागार म्हणून. त्याच्यापुढे कप ठेवला तर मान वर न करता म्हणतो, "दूध नको, बाई." बाई! मला!

नऊ वर्षं त्या बँकेत फरशी पुसली मी. दर डिसेंबरात तपासनीस यायच्या आदल्या दिवशी वरच्या मजल्यावरचे हिशेबाच्या कागदांचे खोके तळघरात जायचे, तपासनीस गेले की परत वर — माझ्याच पुसलेल्या जिन्यावरून, ओल्या बुटांनी. आणि पुढे किल्ल्या घेऊन कोण? हाच.

मग आमची म्हातारी गेली. कॉर्कच्या किनाऱ्यावर गाव आमचं. शवपेटी बाहेरच्या खोलीत, चहा, सँडविच, अख्खं गाव रांगेत — घरच्यांचा हात हातात घ्यायचा, वाईट झालं म्हणायचं. त्या खोलीत दुःखातल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक! एकेकाचा हात धरून ठेवायचा आणि हळूच, "बँकेचे शेअर घेऊन ठेव, कोलमन. आईनंही घेतले होते." खोटं! तिच्याकडे कोंबड्यांशिवाय होतं काय? कोलमननं होडी विकली. असुम्प्टानं नवऱ्याच्या विम्याचे पैसे घातले. तिनं तर मला विचारलंही — "नोरीन, भरवशाचं आहे ना गं?" — आणि मी... मी सँडविचची ताटली पुढे केली. आईसमोर तमाशा नको म्हणून. एवढंच. नंतर सांगितलं की! घरोघर जाऊन सांगितलं! तर म्हणे, भावावर जळते.

हो, भाऊ. निघून गेलं तोंडातून — जाऊ दे. त्याच्या बोर्डिंगच्या फीसाठी मी पाचवीनंतर मासे कापायला गेले. बोटं बघा. नको, दया नको, पेन काढा.

आम्हाला मुदत द्या, पुरी चाळीस वर्षं द्या. कोलमनच्या नातवंडांचा दवाखाना का बंद पडावा? पण याला त्या खुर्चीवरून उठवा, सगळ्यांदेखत. नोकरी? जाईल माझी, जाऊ दे. वाजली घंटा. कप राहू दे तिथंच. जा आत, आणि चौथ्यांदा विचारू नका — तुम्हीच सांगा. लिहा: फिनबार क्रीडन.