नळीतलं औषध

हृदयविकाराच्या वॉर्डबाहेर बाकावर ती नवऱ्याच्या रिपोर्टची वाट बघत होती. शेजारी एक सासू-सून येऊन टेकल्या, आणि तिचे कान आपसूक तिकडे वळले.

“नर्सचा हात धरलास! चारचौघांत! लाजेनं मी बाहेरच निघून आले.”

“आई, डॉक्टर सकाळी काय म्हणाले? ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवायला जे औषध दिलं, त्यानंच बाबांच्या प्लेटलेट्स घसरल्यात. वर उलट रक्तात गुठळ्या होण्याची भीती. आता त्याचा थेंबही चालायचा नाही.”

“मग बंद केलं ना ते?”

“इंजेक्शन बंद केलं. पण सलाइनची नळी तुंबू नये म्हणून नर्स आत काहीतरी सोडत होती. मी विचारलं, यात काय आहे?”

“काय होतं?”

“तेच.”

“अगं बाई!”

“तिचाही चेहरा उतरला. लगेच टाकून दिलं. म्हणाली, बरं झालं हात धरलात.”

“आणि मी तुला म्हटलं, गप्प बस, तुला काय कळतं!”

“ते तर तुम्ही रोजच म्हणता.”

“उद्याही म्हणेन. जीभच मेली तशी आहे माझी. पण तू ऐकत जाऊ नकोस.”