खरी पद्धत इथे वाचा

नाही, नाही, ‘नेटवर बघितलं’ एवढ्यावर नाही भागायचं, बाई. नेट म्हणजे काय आमच्या गल्लीचा कोपरा आहे का, सहज वळलात नि दुकान दिसलं? नीट आठवा. काय शोधलं होतंत? ‘मशीन दुरुस्ती’ असं? की ‘टाका सुटतो’ असं? — बसा ना, त्या स्टुलावर बसा, डुगडुगतं पण पाडत नाही कुणाला — आणि मशीनची काळजी नको, हात चालूच आहेत माझे. तोंड आणि हात ही दोन वेगळी खाती आहेत माझी. घाई आहे, हो, ऐकलं मघाशी, संध्याकाळी कपडे शिवून द्यायचेत तुम्हाला. होईल. पण मला हे कळायलाच हवं, कारण तुम्ही पहिल्या आहात. साइट बघून या दुकानाची पायरी चढलेलं पहिलं माणूस! मघाशी तुम्ही ‘ते वेबसाइटवाले तुम्हीच का’ म्हणालात ना, तेव्हा हातातली तेलाची बुधली सांडता सांडता राहिली.

हसू नका. तुम्हाला गंमत वाटते, इथं दुकान राहणार का जाणार यावर गाडं आलंय. ते समोरचं निळं शटर दिसतं? मेव्हण्याचं. रंगाचा धंदा आहे त्याचा, डबे ठेवायला त्याला ही जागा हवीय. आणि बायको — बायको माझी असली तरी बहीण त्याची आहे, समजलात ना — ती म्हणते, देऊन टाका, आता मशीन दुरुस्त करून घेतो कोण, बिघडलं की लोक नवीन आणतात. मी म्हटलं, लोक आहेत गं, आपण आहोत हे त्यांना माहीत नाही, एवढंच. वर्ष संपेपर्यंत थांब, साइटवरून माणसं आणून दाखवतो, नाही आली तर किल्ली तुझ्या भावाच्या हातात ठेवीन. गेला शब्द तोंडातून. वर आणखी शहाणपणा केला — जाहिरातीवर दमडी खर्च करणार नाही, हेही मीच म्हणालो. आपणच आपल्या पायावर धोंडा. आता वर्ष संपत आलं, आणि तुम्ही मला विचारता, कशाला एवढी चौकशी!

आणि काय काय नाही केलं मी! दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या पोटाखाली साइटचा पत्ता रंगाने लिहिला — तुमच्याही लिहीन, खरवडू नका. दाताच्या डॉक्टरला साइट सांगायला गेलो, तोंडात त्याची हत्यारं, त्याला वाटलं मला दुखतंय, त्याने आणखी एक इंजेक्शन टोचलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी लिंक टाकायचो, चुलतभावाने मलाच ग्रुपमधून काढलं. दर आठवड्याला लेख लिहितो, फुकट, हातचं काही राखून न ठेवता. बायको म्हणते, लोकांना घरबसल्या सगळं शिकवलंत तर दुकानात कोण येईल? अगं, हेच तर आहे! आधी आपण द्यायचं. वाचून विश्वास बसला की माणूस येतो. आलात ना तुम्ही? — आलात कशा ते सांगत नाही, ती गोष्ट वेगळी.

जरा हा कागद धरा. नाही, असा आडवा. आता बघा, दोरा काढून टाकला, आणि बिनदोऱ्याचं कागदावर चालवतो — सोडा हळूहळू, ओढू नका — झालं. आता उजेडात धरा. दिसली भोकं? एका रेषेत आहेत का? नाहीत. एक इकडे, एक तिकडे, दारू प्यालेला माणूस चालल्यासारखी. म्हणजे सुई डुलतेय. म्हणजे सुईची दांडी झिजली. झालं निदान! ही माझी पद्धत. साइटवर सगळ्यात जास्त वाचला जातो तो लेख हाच. माझी म्हणजे — घरातलीच. माझी धाकटी बहीण होती ना दुकानात माझ्याबरोबर, तिने एकदा वैतागून, दोरा सारखा तुटत होता म्हणून, बिनदोऱ्याचंच चालवलं कागदावर, मग पडली ती सवय आम्हाला. तिची काय नि माझी काय. एका घरात का अशी वाटणी करतात?

तर काय सांगत होतो — एक युक्ती मात्र लागू पडली. दुसऱ्यांच्या साइटवर जायचं. तिथे लोक आधीच जमलेले असतात ना! त्यांच्या लेखाखाली कमेंट लिहायची, आणि कमेंटच्या शेवटी आपली लिंक. फुकटचा मांडव, आपण फक्त जेवायला बसायचं. अशी एक साइट आहे — बाई आहे कुणीतरी, नाव नाही, फोटो नाही, नुसतं ‘मी मशीन दुरुस्त करते’. मशीनच्या भागांची हाताने काढलेली चित्रं. वाचणारे मात्र ढीगभर! माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू. जन्म गेला माझा या तेलात, आणि ही कोण कुठली? मग मी सुरू केलं. तिने लेख टाकला की खाली माझी कमेंट. ‘हे चुकीचं आहे. खरी पद्धत इथे वाचा’ — आणि लिंक. ‘हिला पाना धरता येत नाही, लोकांची मशीनं बिघडवेल. खरी पद्धत इथे वाचा.’ एकदा तर लिहिलं, ‘चित्रं काढायची हौस असेल तर पोरांची पुस्तकं काढा, मशीनला हात लावू नका.’ जरा तिखट झालं, पण बाई, तिखट लिहिल्याशिवाय कुणी लिंक उघडत नाही! आणि ती काय उत्तर देते? ‘धन्यवाद, तुमचं बरोबर असेल.’ दर वेळी तेच. कणा म्हणून नाही! पण एक आहे — माझी कमेंट पडली की दुसऱ्या दिवशी माझ्या साइटवर माणसं दिसतात. तिथूनच. दुसरीकडून कुत्रं फिरकत नाही.

तुम्ही अशा का बघताय? पाणी हवंय का? माठ आहे तिकडे. नको? बरं. हे बाजूचं झाकण काढतो, म्हणजे दांडी बाहेर येईल. स्क्रू नुकताच कुणीतरी काढलेला दिसतोय. तेलही ताजं. तुम्ही म्हणालात, कुणालाच दाखवलं नाही अजून? बरं, बरं, प्रत्येक बाई असंच म्हणते, डॉक्टर बदलल्यावर आधीच्याचं नाव काढत नाहीत तसं. आता ही दाबाची स्प्रिंग. तिच्याखाली — 

हे कुणी घातलं?

नाही, मशीनबरोबर नाही येत हे. मला शिकवू नका. ही चामड्याची चकती आहे. स्प्रिंग सैल पडली की नवीन आणण्याऐवजी खाली चकती घालायची, आणि चकतीच्या कडेला ही एवढीशी खाच ठेवायची, पुढच्या वेळी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने उचलता यावी म्हणून. उंदराने बिस्किट कुरतडावं तशी खाच. मी हसायचो तिला. दुनियेत दुसरं कुणी असं करत नाही. कुणी करत असेल तर मला दाखवा.

बाई, कुठून आलात तुम्ही?

बसा. आधी सांगा, मग जा. मशीन असं उघडं टाकून कुठे निघालात? मी ओरडत नाहीये, माझा आवाजच असा आहे.

धाकटी कुठल्याशा कारखान्यात लागली असं कळलं होतं मला. पॅकिंगमध्ये. मी म्हटलं, बरं झालं, डोक्याचा ताप गेला. भांडण नव्हतं हो झालं, कोण म्हणतं भांडण झालं? तिने सांगितलं का तसं? साइट सुरू केली तेव्हा मी लेख लिहिला, कागदाच्या पद्धतीचा, आणि ‘आमच्याविषयी’ म्हणून एक पान. तिने वाचलं. म्हणाली, दादा, यात सगळीकडे ‘मी’ आहे. मी म्हटलं, मग काय लिहू, दुकान कुणाचं आहे? ‘आणि माझी बहीण मदतीला असते’ असं टाकू का खाली? म्हणाली, मदतीला? — एवढंच. दुसऱ्या दिवशी आपली हत्यारं ॲप्रनमध्ये गुंडाळली आणि गेली. यात माझी काय चूक? लोकांना एक नाव लागतं, एक चेहरा लागतो, दोन नावं लिहिली की लोक गोंधळतात. हे सगळीकडे लिहिलेलं आहे. मी काही मनाचं नव्हतं केलं.

मान हलवू नका नुसती. बोला. तिनेच पाठवलं ना?

म्हणजे ती — ते ‘मी मशीन दुरुस्त करते’ — ती?

थांबा, थांबा जरा. हातातली दांडी पडेल. बरं, चित्रं? ती कधी चित्रं काढायला लागली? इथं वीस वेळा मशीनचं पोट उघडायची, कधी कागदावर रेघ नाही मारली. मारली असेल. मी बघितलं नसेल. आणि तिला माहीत होतं, त्या कमेंट मी टाकतोय ते? हो, माहीत असणारच, खाली लिंकच असायची माझी, मीच द्यायचो ना. पाना धरता येत नाही म्हणालो मी तिला. हा पाना, हा बघा, हा तिनेच घासून बारीक केलाय, अजून मी हाच वापरतो. आणि ती ‘धन्यवाद’ म्हणत बसली. पुसून का नाही टाकलं मग? तिची साइट आहे, एक बटण दाबलं की गेलं! कुणीही पुसलं असतं, मी असतो तर माणूसच अडवला असता कायमचा.

काय म्हणालात? — परत बोला. पुसलं तर लिंकही जाईल, म्हणून?

लिंक जाईल म्हणून.

आणि तुम्हाला काय सांगितलं तिने, ही दांडी बसवणं आपल्याला जमत नाही? अहो, खोटं आहे ते! साफ खोटं. दांडी ती माझ्यापेक्षा चांगली बसवते, मला चष्मा लागतो, तिला बोटाने कळतं. साइटवर मी लिहिलं होतं ना, वर्षअखेर दुकान बंद पडेल, त्याआधी या — ते वाचलं असणार. म्हणून तुम्हाला हे ओझं उचलून एवढ्या लांब पाठवलं. आणि मी इथं तासभर छाती फुगवून बसलोय, पहिलं गिऱ्हाईक आलं म्हणून. लाज वाटते हो मला. तुमच्यासमोर वाटते, जाऊ द्या, तुम्ही कोण माझ्या, पण वाटते.

बसली नवी दांडी. धरा कागद. सोडा. बघा उजेडात — आली रेषेत? आली. दोरा घालून देतो. ती चकती आहे तिथेच ठेवलीय, बदलू नका, कुणी बदला म्हणालं तरी बदलू नका.

आता माझं एक काम करा. तिला सांगा, ते सगळं पुसून टाक. एकूण एक. सांगा, दादा म्हणाला. हो, मला कळतं त्याचा अर्थ, माझ्या साइटवर कुणी येणार नाही मग, तुमच्यासारखं एकही माणूस या दारात उभं राहणार नाही, मेव्हणा डबे आणून लावेल इथं भिंतीला. लावू दे. त्याच्या रंगाने भिंत तरी सुधारेल. पण ते शब्द तिच्या लेखांखाली नकोत, चार लोक वाचतात ते. पुसून टाक म्हणावं. एवढं सांगाल ना?

असं काय करताय, पदराशी चाळा करत? सांगाल का नाही?

आधीच? तुम्हाला निघतानाच सांगून ठेवलं होतं तिने? काय — ‘दादाला कळलं तर तो पुसायला सांगेल, त्याला सांगा, एकही पुसणार नाही’? आणि? आणखी काहीतरी आहे, तुमच्या तोंडावर दिसतंय. बोला, मी काही काचेचा नाही.

‘माणसं पाठवत राहीन, मी मात्र यायची नाही.’

असं म्हणाली. याच शब्दांत? बरं.

नाही, काही नाही झालं. पैसे नकोत. ठेवा ते, ठेवा म्हटलं ना. मशीन उचला, खालून धरा, बाजूने नको. साइटचा पत्ता? नको, राहू दे, नाही लिहीत. कपडे वेळेत द्या लोकांचे. निघा तुम्ही. मला दुकान बंद करायचंय — हो, दिसतंय मला, दुपारच आहे अजून. शटर तेवढं अर्धं ओढून जा.