नकाशातला निळा ठिपका

अहो, नकाशात नाही म्हणजे काय? चाळीस घरं आहेत, शाळा आहे, शाळेत मी आहे... आणि संगणक म्हणतो पाडाच नाही! तुम्हाला सांगतो, खोडाळ्याच्या पुढं आमचा पाडा, मी तिथला मास्तर, आणि सरकारला काही मोजायचं झालं की पहिल्यांदा मास्तरच आठवतो. माणसं मोजा, म्हशी मोजा, संडास मोजा! तर यंदा तालुक्याला आला संगणकाचा नकाशा. जिथं माणसं तिथं पाण्याची टाकी, पाच वर्षांचं नियोजन! म्हटलं, चला, आमची हौशीबाई दोन डोंगर उतरून हंडा आणते, तिचा त्रास सुटला. तालुक्याच्या साहेबांनी माऊस हळूच सरकवला, चष्मा वर केला, "गुरुजी, नकाशात नाही. लोकसंख्या शून्य."

आता शून्य कोणी लिहिलं? मीच की! पाहणी आली जानेवारीत, आणि दिवाळी झाली की आख्खा पाडा भिवंडीकडं वीटभट्टीवर! दारांना काट्या लावलेल्या. फॉर्मात रकाना, 'घरात हजर माणसं'. मी पडलो प्रामाणिक... चाळीस घरं, चाळीस शून्यं! अक्षर मात्र मोत्यासारखं काढलं हो!

शिमग्याला सगळे परतले. हौशीबाई कमरेवर हात ठेवून, "गुर्जी, आमाला जित्तेपणी पुसलं काय?" भर होळीत ढोल वाजतोय, बाया नाचायला ओढतायत, आणि मी वही घेऊन दारोदार. दोनशे एकोणीस! पाहुणे वगळून, हां. साहेब खूश. टिचकी मारली, पाड्यावर निळा ठिपका. "बघा गुरुजी, तुमची टाकी! काम पुढच्या वर्षी." मी रंगीत नकाशा शाळेत टांगला. पाडाभर चहा!

एप्रिलात डोंगराखालची विहीरही आटली. दरवर्षी जुन्या यादीवर मंगळवारी टँकर यायचा. एक मंगळवार गेला, दुसरा गेला... धावत तालुक्याला. तेच साहेब, तोच माऊस.

"टँकर कशाला? निळा ठिपका म्हणजे पाण्याची सोय आहे."

"साहेब, टाकीची एक वीट नाही अजून!"

"पण नकाशात आहे ना!"

आता बोला! नव्हतो तेव्हा नव्हतो, आणि आहोत तर हे असं! परत आलो तर हौशीबाई रिकामा हंडा घेऊन शाळेच्या पायरीवर बसलेली. लाज वाटली हो मला. सगळं ऐकून घेतलं तिनं, आणि म्हणाली, "गुर्जी, परत पुसा आमाला. नव्हतो तवा टँकर तरी येत व्हता."

म्हणून तुम्हाला सांगतो, एसटीची वाट बघतोय. तालुक्याला चाललोय... खिशात खोडरबर घेऊन!