डोळ्याला आधी पाणी

माहं माहेर लासूर स्टेशनच्या बाजूचं, बाप बाजारात हमाल, पोती उचलायचा, आणि तो सांगायचा की पोलीस ॲक्शन झाली त्या साली मी रांगत होतो, म्हणजे त्याचं वय त्यालाबी असंच अंदाजानं ठाऊक, मंग माहं कुठून ठाऊक असणार, आधार कार्डावर जे हाये ते हाये, तुम्ही तेच लिहा. नाव इंदू. आम्ही चार बहिणी, मी तिसरी, शाळा सातवीपर्यंत. रेल्वे रोज पाहायची पण मोटारीत पहिल्यांदा बसले ती लग्नानंतर, कन्नडकडं सासरी जायला, आणि त्या जीपचं चाकच रस्त्यात बसलं. मी नवरी, उन्हात दगडावर बसलेली, आणि नवरदेव अंगातला नवा सदरा काढून चाक बदलायला. लोकं हसली. मी नाय हसले, मी पाहत होते. त्यायनं आधी बाकीच्या चाकांखाली दगड घातले, मंग जॅक लावला, मागून कुणीतरी ओरडलं, अरे उरक की, तर म्हणले, गाडी जॅकवरून सरकली तर उरकलंच समजा. मला वाटलं, माणूस निवांत हाये. बरं वाटलं.

मालक म्हणजे आमचे हे, मी त्यायला मालकच म्हणते, ते तव्हा औरंगाबादला हमीदचाचाच्या दुकानात कामाला होते. आता संभाजीनगर म्हणायचं, माह्या तोंडाला अजून औरंगाबादच येतं, माफ करा. चाचाचं दुकान बॅटऱ्यांचं, पत्र्याचं, लांबट. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, जीपच्या बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या, बुचं काढून चार्जिंगला लावलेल्या, आतून बुडबुडे यायचे, आंबट वास यायचा, नाकात चढायचा. आम्ही मागच्या गल्लीत खोली केली होती. मी दुपारचा डबा घेऊन जायची, मालक जेवस्तोवर बसायची, तेवढ्यात चाचाचं बोलणं कानावर पडायचं. चाचा एकच गोष्ट शंभरदा सांगणार. तेजाब में पानी नहीं डालना, पानी में तेजाब डालना. तेजाब म्हणजे ॲसिड. ॲसिडात पाणी टाकलं तर ते उकळून अंगावर उडतं, म्हणून आधी पाणी, मंग त्यात ॲसिड थोडं थोडं. हे माह्या डोक्यात इतकं पक्कं बसलं, इतकं पक्कं, की काय सांगू तुम्हाला, त्यानंच घात केला.

तो दिवस शुक्रवारचा होता. चाचा नमाजला गेलेला, दुकानात मालक एकटे, बाहेर एक ट्रकवाला घाई करायला. मी डबा ठेवला आणि लाईट गेली. पत्र्याच्या शेडात भर दुपारी अंधार. सकाळपासनं बॅटऱ्या चार्जिंगला होत्या, त्यातनं ठिणगीनं पेटणारा जो वायू निघतो तो आतल्या आत कोंडलेला, खिडकी नाय, वारा नाय. ट्रकवाला म्हणला, माही देऊन टाका, चालंल तशी. मालक म्हणले, पाणी किती हाये ते पाहतो न् देतो. वाकले, दिसंना. हातबॅटरी होती, तिचे सेल संपलेले, बॅटरीच्या दुकानात. मला म्हणले, उदबत्तीपाशी काडेपेटी हाये, जरा काडी ओढ गं.

म्या ओढली.

आवाज झाला, सुतळी बॉम्बसारखा, एकच. बॅटरीचं वरचं टोपण उडालं आणि आतलं सगळं त्यायच्या तोंडावर. ते ओरडले नाय. खाली बसले आणि दोन्ही हात तोंडावर. माह्या हातावर थोडं उडालं, हा डाग तेव्हाचा, दिसतो का बघा, पण माह्याकडं कोण पाहतंय. पाण्याचा रांजण हाताच्या अंतरावर होता, मी हात केला की पोचंल असा. आणि माह्या डोक्यात चाचाचं तेच, तेजाब में पानी नहीं. म्हणलं पाणी टाकलं तर उकळंल, डोळे जळून जातील. म्या पाणी नाय टाकलं. पदरानं पुसत बसले, त्यायचे डोळे पुसत बसले, मदतीला ओरडत, आणि पुसलं की ते अजूनच आत चाललं. किती वेळ? मला विचारू नका. चाचा आला, त्यानं मला बाजूला ढकललं, पहिल्यांदा अन् शेवटचं त्यानं मला हात लावला असंल, मालकाचं डोकं धरलं ते बाहेरच्या नळाखाली, पापण्या बोटानं उघड्या धरून अर्धा घंटा पाणी. सिर्फ पानी, बेटी, सिर्फ पानी, म्हणत होता आणि रडत होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणले, पाणी लगेच पडलं असतं तर बरंच वाचलं असतं. डावा डोळा गेला. उजव्याला उजेड अन् सावली कळती, माणूस आला गेला कळतं, कोण ते कळत नाय.

चाचानं विचारलं, माचिस किसने जलाई. मी तोंड उघडायच्या आत मालक खाटेवरून म्हणले, मैंने. बस. चाचा त्यायच्यावर लई चिडला, बॅटऱ्यांपाशी आग नको म्हणून इतक्यांदा सांगितलं होतं म्हणला, आणि ते ऐकून घेत पडले. सासूलाबी तेच सांगितलं, धाकट्या दिराला, रामदासलाबी तेच. माही तव्हा पोरगी पोटात होती. म्या ऐकलं आणि गप बसले. पहिल्या दिवशी गप बसलं की दुसऱ्या दिवशी बोलणं अजून जड होतं, मंग तिसऱ्या, मंग वर्ष.

पोट तर थांबत नाय. पोरगी चालायला लागली तशी मीच चाचाच्या दुकानात जाऊ लागले. चाचा म्हणला, आँखें तेरी, हाथ उसके. तसंच झालं. काचेची नळी घालून ॲसिड मापायचं, पाणी प्लेटांच्या किती वर हाये ते पाहायचं, हे माह्याकडं. मालक स्टार्टरचा आवाज ऐकून सांगायचे, बॅटरी उतरली का तार ढिली हाये. हात फिरवून टायर ओळखायचे, डॉक्टर पोट दाबतो ना तसा, कडेनं झिजलाय, म्हणजे चाकं वाकडी चालायलीत, मधून झिजलाय, म्हणजे हवा जास्त भरायलेत. सुरुवातीला लोकं गाडी थांबवायची, मला पाहून पुढं जायची. बाई हाये म्हणायची, आंधळा हाये म्हणायची. मी म्हणायची, तुमच्या बॅटरीला काय दिसतंय का, हात कुणाचा हाये. चाचा थकला तव्हा त्यानं चार्जर आमच्या हवाली केला, आणि आम्ही पडेगावच्या अलीकडं, कन्नडच्या रस्त्याला, हे दुकान टाकलं. चाचा आता नाय. अल्ला त्याला सुखात ठेवो.

रामदास भावजींचं सांगते. ते वडाप चालवायचे, जीप, कन्नड ते औरंगाबाद, दहाच्या जागेत पंधरा माणसं. माणूस वाईट नाय हां, सासूचं दुखणं-खुपणं त्यानंच पाहिलं, पण गाडीच्या बाबतीत, चालती ना, मंग चालू द्या. ब्रेक आईल कमी झालं की वरून टाकायचं, कुठं गळतंय ते पाहायचं नाय. मालक सांगून थकले, अरे ते आईल पीत नसतं कुणी, कमी झालं म्हणजे कुठंतरी चाललंय.

तर एक दिवस लग्नसराईत, सकाळी दहाच्या सुमाराला, भावजी आमच्या दुकानापुढं थांबले. गाडीत वऱ्हाड, बायाच जास्त, दोन म्हाताऱ्या, मांडीवर लेकरं, लग्न चाळीसगावला, म्हणजे पुढं कन्नडचा घाट उतरायचा. हवा तेवढी मारा वहिनी, म्हणले, उशीर झालाय. मालकाचा नेम, हवा भरायच्या आधी हात फिरवायचा. पुढच्या डाव्या चाकाला आतल्या बाजूनं हात गेला आणि थांबला. मला म्हणले, इथं पाह्य. मी आडवी होऊन पाहिलं, टायरला फुगा आलेला, लिंबाएवढा, आतल्या तारा तुटल्या की असा फुगा येतो. म्हणलं स्टेपनी काढा. स्टेपनी टकली, कापड दिसायलं.

म्या म्हणलं, भावजी, ही गाडी घाटात जायची नाय.

वहिनी, आल्यावर बदलतो.

आल्यावर नाय. आत्ता.

आत्ता कुठून आणू? अक्षदा दीडच्या हायेत. पंधरा दिवस झाले त्या फुग्याला, काय झालं का? काय नाय झालं.

मालक म्हणले, रामदास, गरम रस्ता, भरलेली गाडी, उतार. फुटला तर तुला स्टेरिंग धरवायचं नाय.

आता वऱ्हाडातले दोघं-तिघं खाली उतरून ऐकायलेले, भावजींना लाज वाटली असंल, आणि लाजंला राग लवकर येतो. म्हणले, दादा, तुम्ही स्वतः काडी ओढून डोळे घालवून घेतले आणि आता साऱ्या जगाला भेव घालायलात.

मालक हात फडक्याला पुसत राहिले. ते तसे उभे पाहून मला काय झालं ते मला अजून सांगता येत नाय. म्या जीपची किल्ली काढली, मुठीत धरली, आणि म्हणलं, काडी त्यायनं नाय ओढली. म्या ओढली. बारा वर्षं झाली, ते माह्यासाठी खोटं बोलायलेत. घाई होती म्हणून ओढली. त्या ट्रकवाल्यालाबी अशीच घाई होती. आता किल्ली पाहिजे तर माहा हात मोडून घ्या.

मंग गाडीतली एक म्हातारी, नवऱ्या मुलाची आत्या होती, ती गाडीतून पाय खाली सोडत म्हणली, मी तर उतरले बाई, मला आहेर उद्याबी देता येतो. तिच्यामागं बाया उतरल्या. भावजी माह्याकडं न पाहता कुणाच्यातरी स्कूटरवर शहरात गेले, टायर आणला, चाक बदललं, यात दोन घंटे गेले. वऱ्हाड माह्या दुकानापुढं लिंबाखाली बसलेलं, मी सगळ्यांना चहा केला, कुणी पिलं, कुणी नाय पिलं. अक्षदा चुकल्या त्यायच्या. लई बोलणी बसली भावजींना.

आता तुम्ही म्हणाल, तो टायर फुटला असता का? मला नाय ठाऊक. नसताबी फुटला. ते बरोबर म्हणत होते, पंधरा दिवस चालला होता. मी लोकांना खोटं सांगत नाय की मी पंधरा माणसं वाचवली. मला फक्त फुगा दिसला.

त्या दिवशी सांजच्याला शटर ओढताना मालक म्हणले, कशाला सांगितलं? माह्यावर होतं ते बरं होतं. मी म्हणलं, तुम्हाला अजून एक ठाऊक नाय. आणि रांजणाचं सांगितलं. काडीचं त्यायला ठाऊकच होतं, त्यायनंच मागितली होती, पण पाणी हाताशी होतं आणि म्या टाकलं नाय, हे त्यायला ठाऊक नव्हतं, त्यायला वाटायचं रांजण रिकामा असंल. ते म्हणले, रांजण भरलेला होता? मी म्हणलं, भरलेला. मंग दोन दिवस कामापुरतं बोलले, पाना दे, हवा बघ, एवढंच. मी जेवण वाढायची, ते जेवायचे. मला वाटलं, गेलं आता सगळं. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी पुसता पुसता म्हणले, गिऱ्हाइकाला सांगत जा.

काय?

की ॲसिडात पाणी टाकायचं नाय ते भांड्यापुरतं. डोळ्यात गेलं तर आधी पाणीच, भरपूर, पुसायचं नाय. चाचानं अर्धंच सांगितलं होतं. तुही काय चूक.

तव्हा मी रडले, बारा वर्षांचं. ते थांबले माह्यासाठी, मंग म्हणले, चल, तो ट्रॅक्टरवाला थांबलाय. भिंतीवर लिहिलंय पाहा, डोळ्याला आधी पाणी, रंगारी नाय बोलावला, मीच लिहिलं, अक्षर वाकडं हाये.

सासू आली पुढच्या महिन्यात, भावजींनी सांगितलं होतंच. माह्या हातचं पाणी नाय घेतलं त्या खेपेला. लेकाला म्हणली, इतकी वर्षं माह्यापासून लपवलं. मालक म्हणले, काडी मागितली म्या, हिनं दिली, तू कुणाला धरणार? म्हातारी उठून गेली. दुसऱ्या वर्षी आली तव्हा चहा मागून पिली, विषय नाय काढला. भावजी दोन वर्षं बोलले नाय. मंग एका सकाळी जीप आणून दारात उभी केली, पोराच्या जावळाला जायचं म्हणले, आणि स्वतः बाजूला जाऊन बसले, तंबाखू मळत, मालकाचा हात चारी चाकांवर फिरस्तोवर. कुणी कुणाला सॉरी-बिरी म्हणत नाय आमच्यात.

आता धंदा कमी झालाय. नव्या बॅटऱ्यांत पाणी टाकायचंच नसतं, बंदच येतात, बिघडली की फेकायची, दुसरी घ्यायची. माही पोरगी वाळूजला कंपनीत हाये, तिची स्कूटी चार्जिंगवर चालती, तिला माही काय गरज नाय. टायरचं तेवढं राहिलंय. मालक सकाळी येऊन बसतात, गुडघे दुखतात त्यायचे, मला म्हणतात, इंदू, बंद करू या का? मी म्हणते, पाहू दिवाळीनंतर. किती दिवाळ्या गेल्या.

तुम्ही आता वेरूळवरून पुढं जाणार ना? तुमच्या पाठीमागच्या चाकात हवा कमी होती, मी भरली. बॅटरीच्या टोकाला पांढरं फूल आलं होतं, सोड्याच्या गरम पाण्यानं धुतलं. घाटात गाडी तापली तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, हात भाजून घ्याल, बाजूला लावा, सावलीला बसा, थंड हू द्या. फोन येतील, कुठं पोचलात म्हणून. येऊ द्या. घरी गेल्यावर उशीर केला म्हणून बोलणी खाल, पोटभर खा. बोलणी खायला माणूस घरी पोचलं पाहिजे, एवढंच माहं मागणं हाये. जा, सुखानं जा.